कुत्र्यांच्या ट्रेनर मित्राकडे सहकुटुंब जाताना: पुणे ते कराड, दोन दिवसांचा बेत

माझा कॉलेजातला मित्र कराडजवळ स्वतःच्या शेतात कुत्री ट्रेन करतो. एका वेळी सात-आठ कुत्री असतात. लोकांनी महिना-दोन महिन्यांसाठी ठेवलेले लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड, शेताच्या राखणीसाठी तयार होणारी एक-दोन, आणि त्याच्या स्वतःच्या दोन कारवानी, म्हणजे देशी शिकारी जातीच्या कुत्र्या. आम्ही पुण्याहून आजवर पाच वेळा गेलो. पहिल्या खेपेला भर दुपारी पोहोचलो. मुलं गाडीतून उतरली ती थेट केनेलच्या जाळीकडे धावली. झोपलेली सगळी कुत्री एकदम भुंकत उठली. आठवडाभराच्या मेहनतीनंतर कुठे अनोळखी माणसाजवळ शांत बसायला लागलेला एक शेफर्ड त्या दिवशी संध्याकाळी सरावाला बाहेरच यायला तयार नव्हता. मित्र काही बोलला नाही. पण त्याचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं, आणि पुढच्या वेळेपासून आम्ही हा प्रवास कुत्र्यांच्या घड्याळानं करायला लागलो. ते कसं करायचं, ते इथे क्रमानं लिहिते.

आधी फोन, मग तारीख

तारीख ठरवून फोन करू नका. फोन करून तारीख ठरवा. ट्रेनरच्या घरी रविवार मोकळा असेलच असं नाही. उलट बहुतेक मालक आपली कुत्री न्यायला आणि सोडायला रविवारीच येतात. माझं मित्राशी बोलणं साधारण असं होतं:

"अरे, या शनिवारी येऊ का?"

"ये की. पण दोन नवीन आलीत, त्यातलं एक लहान मुलांना बघून बिचकतंय. पोरांना सांगून आण. आणि बुंदीला या खेपेला नको आणू."

बुंदी म्हणजे आमची गावठी कुत्री. तिला न्यायचं की नाही हा निर्णय मी पूर्णपणे त्याच्यावर सोडते. फोनवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. सकाळ-संध्याकाळचा सराव किती वाजता असतो? सध्या एखादं कुत्रं आजारी आहे का, किंवा एखादी मादी माजावर आहे का? मुलांनी कुठे जायचं नाही? आणि आपण मुक्कामी राहिलो तर त्याच्या कामात अडचण होईल का? शेवटचा प्रश्न मोकळेपणानं विचारा. मित्र आहे म्हणून तो नाही म्हणणार नाही, पण विचारलं की खरं काय ते सांगतो.

थंडीच्या दिवसांत त्याच्याकडे पहाटे साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते सात काम चालतं. मधल्या वेळेत कुत्री झोपतात. म्हणून आम्ही सकाळी सहाला पुणं सोडतो, अकराच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे त्याची सकाळची कामं उरकलेली असतात. जेवण, गप्पा, संध्याकाळचा सराव बघणं, मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळचा सराव, आणि नाश्ता करून परत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. उन्हाळ्यात सरावाच्या वेळा फार आखूड होतात, आणि पावसाळ्यात चिखल, गोचीड आणि लेप्टोची (उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते.

आपलं कुत्रं न्यायचं असेल तर

ज्या ठिकाणी दहा घरची कुत्री राहतात तिथे आजार पटकन पसरतो. पार्व्होचा, म्हणजे कुत्र्यांना रक्ताचे जुलाब करणाऱ्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि बुटांच्या तळव्यांवरूनही फिरतो. म्हणून लसींचा पूर्ण कोर्स झालेला नसेल अशा पिल्लाला अजिबात नेऊ नका. मोठ्या कुत्र्याची रेबीजची आणि बाकीची वार्षिक लस झाली आहे का ते बघा. राहिली असेल तर निघायच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही, किमान दोन-तीन आठवडे आधी द्या. जंताचं औषधही तेव्हाच. गोचिडांचं औषध डॉक्टरांना विचारून निघायच्या काही दिवस आधी द्यावं, कारण उसाच्या बांधावर गोचीड भरपूर असतात आणि गोचीडतापानं कुत्रं फार वाईट आजारी पडतं. लसींचं पुस्तक गाडीत ठेवा. मित्र असला तरी ते त्याच्या हातात द्या. दुसऱ्यांच्या कुत्र्यांची जबाबदारी त्याच्यावर असते.

घरातलं कोणी दुसऱ्या कुत्र्यांच्या संपर्कात असेल, शेजारचं पिल्लू आजारी असेल, तर आपण माणसंच आजार घेऊन जाऊ शकतो. आम्ही कराडसाठी चपला वेगळ्या ठेवल्या आहेत. धुऊन, उन्हात वाळवून पिशवीत.

गाडीची सवय नसलेल्या कुत्र्याला आठवडाभर आधीपासून रोज दहा मिनिटं गाडीत बसवा. पहिले दोन दिवस इंजिन बंदच. मग सुरू करून नुसतं बसा, मग सोसायटीला एक चक्कर. बुंदी पहिल्या प्रवासात खेड शिवापूरच्या आधीच ओकली होती. ओकण्याआधी कुत्रं लाळ गाळतं, सारखं जांभया देतं, ओठ चाटतं. ही लक्षणं दिसली की गाडी थांबवून कुत्र्याला पाच मिनिटं पायी फिरवा. उलटीची माणसांची गोळी अंदाजानं देऊ नका, डॉक्टरांना विचारा. निघण्याआधी तीन-चार तास जेवण नाही. सहाला निघायचं असेल तर रात्रीचं जेवण शेवटचं आणि सकाळी फक्त पाणी.

गाडीत कुत्र्याची जागा मागच्या सीटवर, हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घालून, तो सीटबेल्टला अडकवून. पट्टा गळ्यातल्या कॉलरला अडकवू नका, ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथे कुत्रं नको. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका, हायवेवरची धूळ आणि खडे डोळ्यांत जातात.

मुलांची तयारी: झाड व्हायचं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते, कारण माझ्या मते सहलीचं यश इथेच ठरतं. आमची मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. दोघांना निघायच्या आधी चार-पाच संध्याकाळी खेळ म्हणून शिकवलं. कुत्रं अंगावर धावत आलं की झाड व्हायचं. पाय जमिनीत रुतलेले, हात पोटाशी गुंफलेले, नजर स्वतःच्या बोटांवर, तोंड बंद. पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात वर करायचे नाहीत. पडलोच तर दगड व्हायचं: गुडघे पोटाशी घेऊन, मानेवर हात ठेवून गप्प. मी कुत्रा होऊन घरभर भुंकत धावायचे आणि ते झाड व्हायचे. पाच वर्षांच्या मुलाला तिसऱ्या दिवशी जमलं. एकदा जमलं की मुलं विसरत नाहीत.

दुसरा धडा, कुत्र्याची भाषा. शेपूट हलते म्हणजे कुत्रं खूश, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. सैल अंगानं, कमरेपासून हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ अंगावर उंच धरून थरथरणारी शेपूट वेगळी. डोळ्यांचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसायला लागला, अंग एकदम गोठलं, तोंड मिटलं, की हात मागे घ्यायचा. गुरगुरलं तर कुत्र्याला रागवायचं नाही. ते सांगतंय, त्याचं ऐकायचं.

आणि हात लावायची रीत. आपण कुत्र्याकडे जायचं नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. आलं तर छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. त्यानं पुन्हा अंग टेकवलं तर आणखी तीन सेकंद. निघून गेलं तर गेलं. डोक्यावर वरून हात ठेवायचा नाही, मिठी मारायची नाही, तोंडाला तोंड लावायचं नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याजवळ मोठ्यांनीही जाऊ नये.

गाडीतला वेळ मुलांना गोष्टी सांगायला चांगला असतो. आमच्याकडे झंजीरची गोष्ट दर वेळी मागितली जाते. मुंबई पोलिसांचा हा लॅब्रेडॉर १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर शहरात स्फोटकं शोधत फिरला आणि त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढलं. २०००मध्ये त्याचं निधन झालं. मुलगी दर वेळी विचारते, त्याला वासाबद्दल खाऊ मिळायचा का? मिळायचाच, किंवा आवडतं खेळणं. शोधकामाचं सगळं शिक्षण त्यावर उभं असतं.

सामान

कुत्र्यासाठी घरचं पाणी पाच लिटर (नवीन पाण्यानं काहींचं पोट बिघडतं), पसरट वाडगं, दोन टॉवेल, जुनी चादर, शी उचलायच्या पिशव्या, जास्तीची लीश (कुत्र्याला धरून चालवायची दोरी), गळ्यात नाव आणि फोन नंबर असलेला बिल्ला, नेहमीचं खाणं. बुंदीला दहीभात चालतो, तो डब्यात. माणसांच्या खाऊत चॉकलेट, द्राक्षं, मनुका असतील तर बंद डब्यात आणि मुलांच्या ताब्यात नाहीत. कांदा-लसूणही कुत्र्यांना घातक, त्यामुळे उरलेला वडा प्रेमानं भरवू नका. माणसांसाठी पूर्ण बाह्यांचे, धुवायला सोपे कपडे. कानातले लोंबते डूल आणि ओढण्या घरी राहू द्या.

मित्रासाठी काय न्यावं? कुत्र्यांसाठी बिस्किटं नेऊ नका, त्यांचं खाणं मोजून ठरलेलं असतं. त्याच्याकडे कायम कमी पडतात त्या गोष्टी म्हणजे जुन्या सुती चादरी, टॉवेल आणि गोधड्या. आम्ही सोसायटीतून गोळा करून एक गाठोडं नेतो. सोबत घरच्यांसाठी साताऱ्यात थांबून कंदी पेढे.

रस्ता

पुणे ते कराड साधारण १६० किलोमीटर. न थांबता तीन-साडेतीन तास, कुत्रं आणि मुलं असतील तर साडेचार-पाच धरा. टोलनाके खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे. पहिला थांबा शिरवळच्या आसपास, खंबाटकीच्या आधी. घाटाच्या वळणांवर पोट भरलेलं नसावं, म्हणून मुलांचा नाश्ताही मी घाट उतरल्यावरच काढते. दुसरा थांबा साताऱ्यानंतर. थांबल्यावर आधी लीश हातात, मग दार उघडायचं. या क्रमात कधीही बदल नको. एकदा एका ढाब्यावर दार आधी उघडलं गेलं आणि बुंदी ट्रकच्या रांगेत शिरली. तो अर्धा मिनिट मी आयुष्यभर विसरणार नाही.

उभ्या गाडीत कुत्र्याला एकटं ठेवू नका. काच दोन बोटं उघडी ठेवली तरी गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी वाढू शकतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं. जेवायला थांबलात तर एकानं बाहेर कुत्र्यापाशी बसायचं, मग पाळी बदलायची. दुपारी डांबरावर उतरवण्याआधी हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

हंगामात एक इशारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू होते, आणि अंधार पडल्यावर कराडच्या आसपासच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसतानाही चालतात. अंधार पडायच्या आत पोहोचायचं आणि परततानाही अंधार पडायच्या आत.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

फाटकाशी गाडी थांबवा, हॉर्न न वाजवता फोन करा. मित्र सांगेल तिथे गाडी लावा. आधी मोठी माणसं उतरतील, मग मुलं, आपलं कुत्रं सगळ्यात शेवटी. बुंदीला आम्ही आधी केनेलपासून लांब, बांधावर मुतायला नेतो. मग मित्र त्याचं एक शांत कुत्रं घेऊन येतो आणि दोघं दोन कुत्र्यांना समांतर चालवतात, मधे वीस-पंचवीस पावलांचं अंतर. हळूहळू अंतर कमी. समोरासमोर आणून "घे, वास घे" करायचं नसतं. ताणलेल्या लीशवर समोरासमोर आलेली कुत्री भांडतात.

सासूबाईंना कुत्र्यांची भीती वाटते. त्यांना आम्ही समजावत बसत नाही. ओसरीवर भिंतीला टेकून खुर्ची, पुढे टेबल, आणि त्यांच्यासमोर कुत्रं मोकळं सोडायचं नाही, असं ठरलंय. मित्र त्यांना दर वेळी म्हणतो, "आई, तुम्ही बसा निवांत, इकडं कोण येणार नाही." भीती असलेल्या माणसाच्या अंगावर "काही करत नाही तो" म्हणत कुत्रं आणणं मला चुकीचंच वाटतं.

सराव बघताना

इथे पाळायच्या गोष्टी थोड्या पण कडक आहेत. सराव चालू असताना कुत्र्याला नावानं हाक मारायची नाही. ट्रेनरची आज्ञा आपण परत म्हणायची नाही. खाऊ द्यायचा नाही. मोबाइल सायलेंट. मुलांनी दिलेल्या जागेवर बसायचं, आणि कंटाळली तर मोठ्यापैकी एकानं त्यांना हळूच उठवून घेऊन जायचं.

मागच्या डिसेंबरमध्ये पाहिलेलं सांगते. आठ महिन्यांचा शेफर्ड, अंगणात एक जुनी बाज. "जागा" म्हटलं की त्यानं बाजेवर चढून बसायचं आणि सोडेपर्यंत उतरायचं नाही. मित्रानं माझ्या मुलीला हातात चेंडू देऊन समोरून चालायला सांगितलं. कुत्र्याचे कान पुढे आले, पुठ्ठे थरथरायला लागले. ती बाजेसमोर आली तसा त्याचा उजवा पंजा उचलला गेला, जेमतेम बोटभर. मित्र काही बोलला नाही. फक्त अर्धं पाऊल त्याच्या दिशेनं पुढे सरकला. पंजा परत दोरीवर टेकला आणि त्याच क्षणी मित्र म्हणाला, "हो!" आणि उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा दिला. "हो" आणि ती कृती यांत एका सेकंदाचंही अंतर नको, असं तो सांगतो. उशीर झाला की कुत्रं भलतंच शिकतं. तुकडा नंतर दिला तरी चालतो, शब्द मात्र त्याच क्षणी. काही जण शब्दाऐवजी क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टिक वाजणारी छोटी डबी वापरतात. सगळा सराव सात मिनिटांत संपला. लहान कुत्र्यांना तो यापेक्षा जास्त वेळ देत नाही, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं करतो.

कारवानी कुत्र्यांबद्दल मुलांना वेगळं सांगा. ही दृष्टीनं शिकार हेरणारी जात. पळणारी कुठलीही गोष्ट दिसली की मागे धावणं तिच्या रक्तात आहे. त्यामुळे त्या मोकळ्या असताना मुलांनी पळायचं नाही. अनोळखी माणसानं हात लावलेला त्यांना फारसा आवडत नाही. कर्नाटकातल्या मुधोळच्या नावानं आपण ज्यांना मुधोळ हाउंड म्हणतो ती याच कुळातली. २००५मध्ये टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं, आणि लष्करानं मेरठच्या केंद्रात २०१६पासून त्यांना शिकवायला घेतलं. गावाकडे अजूनही या कुत्र्यांवर ससे धरतात. ते बेकायदा आहे, आणि माझा मित्र तशा लोकांची कुत्री घेत नाही. त्याच्या या हट्टाचा मला अभिमान वाटतो.

स्वतःच्या कुत्र्यासाठी धडा घ्यायचा असेल तर आधी वेळ मागा आणि ठरलेले पैसे द्या. तो घेत नाही म्हणाला तरी द्या. त्याचं पोट त्यावर आहे.

रात्र

कराड-पाटण भागात उसात बिबटे राहतात, आणि कुत्रं हे त्यांचं सोपं भक्ष्य आहे. अंधार पडल्यावर आपलं कुत्रं अंगणात बांधून ठेवू नका. आत घ्या, दार लावा. रात्री मुतायला न्यायचं तर दोघांनी, बॅटरी घेऊन, घराच्या भिंतीलगत, कुत्रं लीशवर. मुलांना एकटं बाहेर सोडू नका. मित्राची सगळी कुत्री रात्री वरून जाळी असलेल्या पक्क्या खोल्यांत असतात.

चावलंच तर

सगळी काळजी घेऊनही दात लागू शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी असते, कातडीत द्यायची ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. मधला डोस चुकवू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीनं विचारा. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून स्वतःच निर्णय घेऊ नका. त्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला मित्राला सांगा, तो न सांगताही ठेवेलच.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळचा सराव बघून आम्ही दहाच्या आत निघतो. वेळ असला तर प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या काठी अर्धा तास, नाही तर सरळ पुणं. घरी आल्यावर बुंदीला गच्चीत टॉवेलवर आडवी करून गोचीड शोधायचे: कानाच्या आत, मानेखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. सापडला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, सुस्ती, जेवण सोडणं यावर नजर. माणसांचीही अंगं बघा, विशेषतः मुलांच्या केसांच्या कडा.

आणि मित्रानं शिकवलेले शब्द त्याच दिवशी कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आमच्याकडे "बस" म्हणजे बसणं, "जागा" म्हणजे तिची गोधडी, "ये" म्हणजे ताबडतोब येणं, "चल" म्हणजे सुट्टी. आधी सासूबाई "इकडे ये गं", मुलगा "कम" आणि मी "ये" म्हणायचो, तेव्हा बुंदी तिघांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. आता घरातला प्रत्येक जण एकच शब्द वापरतो, सासूबाईसुद्धा. त्या तो खुर्चीत पाय वर घेऊन म्हणतात, पण बुंदी येते.